रक्क्याहून आलेले पत्र

इ.स. 833 च्या वसंतात फरात नदीकाठच्या रक्का शहरातून बगदादला एक सरकारी पत्र आले. पाठवणारा खलीफा अल-मामून. घेणारा इसहाक इब्न इब्राहीम, बगदादचा सारा बंदोबस्त ज्याच्या हाती होता तो अधिकारी. हुकूम असा होता : शहरातल्या काझींना समोर बोलवावे आणि प्रत्येकाला एकच विचारावे, कुराण अल्लाहने निर्माण केलेले आहे हे तुला मान्य आहे का? मान्य असेल त्याने आपल्या जागी राहावे. मान्य नसेल त्याच्यावर खलिफाचा भरवसा उरणार नाही. शिवाय काझींनी आपल्यापुढे येणाऱ्या साक्षीदारांनाही हाच प्रश्न विचारावा आणि नाही म्हणणाऱ्याची साक्ष धरू नये.

खलीफा तेव्हा बायझंटाईन साम्राज्यावर स्वारीला निघाला होता. सरहद्दीवर फौज, दाणागोटा, घोडे यांची व्यवस्था लावायची सोडून या माणसाला काझींच्या श्रद्धेची झडती घ्यायचे कुठून सुचले, याचा उलगडा करण्यात इतिहासकारांच्या पिढ्या खपल्या आहेत. पुढे पंधरा वर्षे चाललेल्या या प्रकरणाला अरबीत ‘मिहना’ म्हणतात, म्हणजे कसोटी. इस्लामी श्रद्धेचे सत्य सर्वांना सारखे आणि ठरलेले असते, की वाचणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे ते बदलते, हा वाद आजही मिटलेला नाही. त्याची सगळ्यांत कडवी सुनावणी त्या काळात झाली. गंमत अशी की ‘ज्याची त्याची समजूत’ असे म्हणणारा एकही पक्ष त्या सुनावणीत नव्हता. सत्य एकच, याबद्दल खलीफा आणि कैदी दोघांचे एकमत होते. भांडण होते ते सत्य कोणी सांगायचे यावर.

मामून सरळ मार्गाने गादीवर आलेला नव्हता. हारून अल-रशीदच्या या मुलाने भाऊ अमीनशी यादवी लढली; 812-13 मध्ये त्याच्या फौजेने बगदादला वेढा घातला, शहराची राखरांगोळी झाली आणि अमीन मारला गेला. जिंकूनही मामून पुढची काही वर्षे दूर खुरासानात मर्वलाच राहिला. इकडे बगदादमध्ये गुंडांचे राज्य. त्यांना आवरायला 817 साली मोहल्ल्यांतली साधी माणसे उभी राहिली. त्यांतला सहल इब्न सलामा गळ्यात कुराणाची प्रत अडकवून फिरे आणि निर्मात्याची आज्ञा मोडायला सांगणाऱ्या कोणत्याही माणसाचे ऐकायचे नाही, असे बजावत असे. ‘कोणत्याही माणसात’ खलीफाही आला, हे उघड होते. त्याच वर्षी मामूनने शियांच्या अली अल-रिझांना वारस नेमले आणि आपल्या अब्बासी घराण्याचा काळा रंग टाकून हिरवा घेतला. अली पुढच्याच वर्षी तूसजवळ वारले. 819 मध्ये खलीफा बगदादला परतला, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा काळे कपडे आले. धर्माचा शब्द आपल्याकडून न येता रस्त्यावरून येतो, हे त्याने पुरते पाहून घेतले होते.

त्याचा दुसरा पैलू आपल्याला जास्त परिचित आहे. ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे, अल-ख्वारिझ्मीचे बीजगणित, हा सगळा त्याच्याच काळातला पसारा. त्याने सिंजारच्या सपाट मैदानावर ज्योतिष्यांना पाठवले होते. ध्रुवताऱ्याची उंची एका अंशाने बदलेपर्यंत ते जमीन मोजत चालत गेले, आणि त्यावरून पृथ्वीचा घेर काढला. स्वप्नात त्याला अ‍ॅरिस्टॉटल भेटला आणि जे बुद्धीला पटते ते चांगले असे सांगून गेला, ही गोष्ट दहाव्या शतकातल्या इब्न अल-नदीमने नोंदवली आहे. स्वप्न खरे असो की दरबाऱ्यांनी पिकवलेले. मोजून, तर्काने, पुराव्याने सत्य हाती लागते अशी या माणसाची खात्री होती. पृथ्वीचा घेर जसा कोणाच्या मतावर अवलंबून नाही, तसे कुराणाचे स्वरूपही नसावे. त्याची चूक झाली असेल तर ती इथे. तर्काने सिद्ध झालेली गोष्ट न मानणारा माणूस त्याला अडाणी तरी वाटे, नाहीतर लबाड.

मूळ सिद्धांत मुतझिला या तर्कवादी पंथाच्या पंडितांच्या वर्तुळातला. अल्लाह एकच आहे, त्याच्यासारखे अनादि दुसरे काही नाही. कुराणही अनादि मानले, तर अल्लाहच्या शेजारी दुसरी अनादि वस्तू उभी राहते. मग ईश्वराचा शब्द म्हणून येशूला अनादि मानणाऱ्या ख्रिस्त्यांत आणि आपल्यात फरक काय उरला? म्हणून कुराण निर्मित. मराठी वाचकाला हा पेच नवा वाटू नये. वेद अपौरुषेय आणि नित्य, असे मीमांसक म्हणत. ईश्वराने ते रचले, असे नैयायिक म्हणत. तो वाद भाष्यांतून आणि सभांतून लढला गेला. बगदादचा वाद पोलिस कचेरीत गेला.

विरुद्ध बाजूची माणसे बहुतेक हदीसवाली होती. पैगंबरांची वचने आणि आचार कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी तोंडपाठ करायची, त्यासाठी बसरा, कूफा, मक्का, येमेन पालथे घालायचे, आणि जे ऐकले त्यात पदरचे काही मिसळायचे नाही, ही त्यांची रीत. कुराण निर्मित आहे असे पैगंबर म्हणाले नाहीत, त्यांचे सहकारीही म्हणाले नाहीत. मग आपण का म्हणावे? या मंडळींना पगार नव्हता, पद नव्हते, पण बाजारातले लोक मसला, म्हणजे धर्माचरणातला प्रश्न, विचारायला त्यांच्याकडे जात. मामूनचा पणजोबा मन्सूर याने मदिनेच्या मालिक इब्न अनस यांना त्यांचा ‘मुवत्ता’ हा ग्रंथ साऱ्या राज्याला लागू करू का, असे विचारले होते म्हणतात. मालिकनी नको म्हटले. पैगंबरांचे सहकारी मुलखोमुलखी पांगले, प्रत्येक ठिकाणी लोकांना त्यांच्याकडून वेगवेगळे ज्ञान पोचले, ते आता एका मापात कसे बसवणार, असा त्यांचा आक्षेप. राजाचा हात असा आधीही एकदा मागे सारला गेला होता.

मामूनने दुसऱ्या पत्रात सात नामवंतांना थेट आपल्याकडे मागवले. त्यांत हदीस सांगणाऱ्यांची पारख करणारे याह्या इब्न मईन होते, चरित्रकोशकार इब्न साद होते. सातही जणांनी खलिफासमोर मान डोलावली. परत आल्यावर इसहाकने त्यांना बगदादच्या उलेमांपुढे उभे करून तेच पुन्हा वदवून घेतले. तलवारीच्या भीतीने म्हटले, असे याह्या पुढे सांगत. हदीसचे बडे अभ्यासक अहमद इब्न हनबल यांनी त्यांच्याशी बोलणे टाकले ते टाकलेच.

मग वीसपंचवीस जणांची तपासणी झाली. इतिहासकार तबरीने आपल्या ग्रंथात या पत्रांबरोबर त्या दिवसाची सवाल-जबाबाची नोंदही उतरवून घेतली आहे. जवळजवळ बाराशे वर्षांपूर्वीची सरकारी टिपणी इतकी जिवंत क्वचितच सापडते. बिश्र इब्न अल-वलीद हे जुने, मुरलेले काझी. कुराणाबद्दल काय म्हणता, असे इसहाकने विचारले. ते अल्लाहचे वचन आहे, बिश्र म्हणाले. तेवढे विचारले नाही, ते निर्मित आहे का? अल्लाह सर्व वस्तूंचा निर्माता आहे. कुराण वस्तू आहे का? आहे. मग निर्मित झाले ना? ते निर्माता नाही, एवढेच बिश्रनी कबूल केले. त्यापलीकडे एक अक्षर वाढवायला ते तयार होईनात. आणखी एकाने सांगितले की ‘केलेले’ असे कुराणातच आले आहे, म्हणून ‘केलेले’ म्हणायला माझी हरकत नाही. केलेले म्हणजेच निर्मित ना? हो. मग कुराण निर्मित? ‘निर्मित’ मी म्हणणार नाही, ‘केलेले’ म्हणेन. कारकुनाने ते जसेच्या तसे लिहून घेतले. मुरब्बी वकिलांनाही इतके शिताफीने निसटता यायचे नाही.

इसहाकने ही टिपणे पाठवली आणि मामूनचा तोल गेला. उलट टपाली आलेल्या पत्रात तत्त्वज्ञान कमी आणि उणीदुणी जास्त आहेत. एकाला अन्बारात धान्य चोरल्याची आठवण करून दिली आहे, दुसऱ्याची लाचखोरी काढली आहे. सज्जादा नावाच्या विद्वानाला तर कपाळावरचा नमाजाचा घट्टा उठून दिसावा म्हणून घासत बसण्यातून ईश्वराचे एकत्व समजून घ्यायला वेळ मिळाला नसेल, असा टोमणा आहे. बुद्धिवादाचा पुरस्कर्ता म्हणून ज्याला आपण ओळखतो, त्याच्या पत्राचा हा सूर मला त्याच्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा बोलका वाटतो.

या पत्राने काम झाले. बाकी सगळे नमले, चौघे उरले. त्यांना बेड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सज्जादा ढिला पडला, तिसऱ्या दिवशी कवारीरी. उरले दोघे : अहमद इब्न हनबल आणि तरुण मुहम्मद इब्न नूह. त्यांची रवानगी साखळदंडासह तर्सूसकडे, खलिफाच्या छावणीकडे झाली. खलिफाची गाठ पडू नये, अशी दुवा अहमद वाटेत मागत होते म्हणतात. ऑगस्टमध्ये मामून मोहिमेवरच तापाने दगावला आणि तर्सूसला पुरला गेला. कैद्यांना अर्ध्या वाटेवरून माघारी फिरवले. मुहम्मद इब्न नूह परतीच्या वाटेत वारला. बेड्या काढून त्याच्या जनाज्याची नमाज अहमदनी पढली.

मामूनने भावाला, मुअतसिमला, हे काम तडीस नेण्याचे बजावून ठेवले होते. मुअतसिम शिपाईगडी, त्याला तुर्की पलटणींत रस होता, कुराण निर्मित की अनादि यात नव्हता. पण मुख्य काझी इब्न अबी दुआद मुतझिला मताचा आणि पट्टीचा मुत्सद्दी होता. पन्नाशी ओलांडलेल्या अहमदना रमजानात दरबारात आणले, तेव्हा त्यांचा रोजा होता. तीन दिवस वाद घातला गेला. दरबारी पंडित तर्काचे फास टाकत, अहमद प्रत्येक वेळी एकच मागत : अल्लाहच्या ग्रंथातला किंवा पैगंबरांच्या सुन्नेतला आधार दाखवा, मी लगेच मान्य करतो. पंडितांचा युक्तिवाद अहमदनी युक्तिवाद म्हणून धरलाच नाही. खलिफाचा जीव तुटत होता असे अहमदच्या बाजूचे लेखकही लिहितात. जरासे काही बोल, मी माझ्या हाताने तुला सोडवतो, अशी त्याने मिनतवारी केली.

तिसऱ्या दिवशी कोरडे आले. अहमदच्या सदऱ्याच्या बाहीत पैगंबरांचा म्हणून जपलेला केस बांधलेला होता. शिपाई सदरा टराटरा फाडायला निघाले, तेव्हा मुअतसिमने त्यांना थांबवले आणि सदरा नीट उतरवायला लावला. मग फटके सुरू झाले. एकेक मारेकरी पुढे यायचा, दोन मारायचा, मागे हटायचा. जोरात मार, म्हणून खलीफा त्यालाच शिव्या घालायचा. अहमद शुद्ध हरपून पडले. शुद्धीवर आल्यावर कोणी सातूचे पेय पुढे केले, तर रोजा मोडायला त्यांनी नकार दिला. जवळच्या घरात त्यांनी तशीच नमाज पढली. नमाज संपताच हजर असलेल्या एका काझीने शंका काढली : अंगातून रक्त वाहत असताना नमाज होते का? दुसरे खलीफा उमर यांनीही जखमेतून रक्त वाहत असता नमाज पढली होती, असे अहमद उत्तरले. पाठीची सालडी निघालेली आणि हे दोघे मसला सोडवताहेत.

त्याच दिवशी त्यांना सोडून दिले, आणि गोष्ट इथेच फुटते. अहमदच्या अनुयायांची हनबली परंपरा म्हणते की ते शेवटपर्यंत डगमगले नाहीत. बाहेर जमलेला जमाव बघून खलीफा घाबरला. मुतझिला पंथाचा नामांकित गद्यकार अल-जाहिझ म्हणतो की काही फटक्यांतच त्यांनी कबुली दिली. अहमदचा मुलगा सालिह आणि चुलतभाऊ हनबल यांनी लिहिलेल्या हकिगतीही एकमेकींशी सगळ्या जुळत नाहीत. पुढच्या पिढ्यांनी त्यात चमत्कार घातले. एक गोष्ट मला आवडते : वाटेत त्यांना एक सराईत चोर भेटला आणि म्हणाला, सैतानासाठी मी हजारो फटके खाल्ले आणि कबूल झालो नाही, तू तर अल्लाहसाठी खाणार आहेस. खरी असेल-नसेल, चोराने इमामाला धीर द्यावा, असे लोकांना वाटले एवढे खरे.

त्यानंतर मुअतसिमने हा विषय फारसा छेडला नाही. 836 मध्ये त्याने राजधानीच सामर्ऱ्याला नेली. त्याचा मुलगा वासिक मात्र 842 मध्ये गादीवर येताच नव्या जोमाने भिडला. इजिप्तमध्ये फुस्तातच्या मशिदींवर कुराण निर्मित असल्याचे लिहवून घेतले गेले. तिथल्या शाफिई पंथाचे अल-बुवैती यांना साखळदंडात बगदादला आणले. शुक्रवारची अजान झाली की ते अंग धुऊन, कपडे घालून तुरुंगाच्या दारापर्यंत जात. पहारेकऱ्याने परत पाठवले की मी तुझी हाक पाळली, असे अल्लाहला सांगून मागे फिरत. 846 मध्ये ते तुरुंगातच वारले. त्याआधीच्या वर्षी लामोस नदीवर बायझंटाईनांशी युद्धकैद्यांची अदलाबदल झाली. चार हजारांहून अधिक मुसलमान सुटणार होते. पण आधी प्रत्येकाला विचारले गेले : कुराण निर्मित आहे ना? नाही म्हणेल तो शत्रूच्याच ताब्यात राहील.

846 मध्येच बगदादला अहमद इब्न नसर अल-खुझाई या प्रतिष्ठित घराण्यातल्या वृद्धाच्या नावाने उठावाचा कट शिजला. ठरल्या रात्री नदीच्या दोन्ही काठांवर नगारे वाजायचे होते. ज्यांना पैसे वाटले होते त्यांतले काही जण आदल्याच रात्री प्याले आणि नगारा बडवून बसले. कट फुटला. सामर्ऱ्यात वासिकने खुझाईला कटाबद्दल काही विचारलेच नाही. त्याने विचारले कुराणाबद्दल, आणि अल्लाह परलोकी डोळ्यांनी दिसेल का याबद्दल. उत्तर ऐकून त्याने समसामा नावाची प्रसिद्ध तलवार मागवली आणि स्वतः वार केला. मुंडके बगदादला टांगले, कानात चिठ्ठी लटकवली. राजद्रोहाचा खटला श्रद्धेचा खटला म्हणून चालवण्यात राज्याची सोय असते. बंडखोराला लोक हुतात्मा म्हणतील. पाखंडी ठरवला की गप्प बसतील, असा हिशेब. तो चुकला.

वासिक 847 मध्ये मेला. त्याचा भाऊ मुतवक्किल याने पुढल्याच वर्षी कुराणाबद्दल वाद घालायलाच बंदी केली. काही वर्षांत इब्न अबी दुआदचे घराणे पदावरून गेले आणि खुझाईचे मुंडके घरच्यांना मिळाले. म्हणजे विचारस्वातंत्र्य आले, असे समजायचे कारण नाही. याच मुतवक्किलने ख्रिस्ती-यहुद्यांवर वेगळ्या पोशाखाची सक्ती केली आणि करबल्यातली हुसेन यांची कबर पाडली. अहमदना त्याने सामर्ऱ्याला बोलावून मानपान केला. अहमद शाही खाना तोंडी लावेनात, आणि मुले दरबाराचा तनखा घेतात म्हणून त्यांच्याशी अबोला धरला. 855 मध्ये ते गेले, तेव्हा सगळे बगदाद लोटले.

मिहनेचा निकाल लागला तो असा : धर्माचा अर्थ लावण्याचा हक्क खलिफाच्या हातून गेला तो जवळजवळ कायमचा. तो कोणाकडे गेला? शेकडो उलेमांकडे, ज्यांचे आपसात पटत नव्हते. अनेक अर्थ एकाच वेळी चालू राहणे ही सुन्नी इस्लामची वहिवाट बनली, आणि ती बनवण्यात सर्वांत मोठा वाटा एकच अर्थ मानणाऱ्या माणसाच्या हट्टाचा होता.

पण मूळ प्रश्न कुराणावरून वाचणाऱ्याकडे सरकला. कुराण अनादि, हे ठरले. मग माझ्या जिभेवरून निघणारे शब्द? माझा आवाज, माझा उच्चार? अल-कराबीसी यांनी उच्चार निर्मित म्हटला, तर खुद्द अहमदनीच त्यांना वाळीत टाकले. हदीसचे अग्रगण्य संग्राहक अल-बुखारी माणसाची सगळी कृती निर्मितच मानत. तेवढ्यावरून निशापूरला त्यांच्याभोवतीची गर्दी पांगवली गेली, त्यांना शहर सोडावे लागले, आणि 870 मध्ये ते समरकंदजवळच्या खेड्यात वारले. सगळी हकीगत ज्याच्यामुळे आपल्याला कळते, त्या तबरीच्याही घरावर हनबल्यांनी दगड मारले. ईश्वराचे वचन आणि माणसाच्या तोंडचे वचन यांत रेघ कुठे मारायची, हा प्रश्न हातात कोरडा कोणाच्या आहे यावर सुटत नाही, हे आता दोन्ही बाजूंना करून पाहता आले होते.

कैरोच्या नस्र हामिद अबू झैद यांनी विसाव्या शतकात ती रेघ पुन्हा काढली. त्यांचा सुरुवातीचा अभ्यास मुतझिलांवरच होता. कुराण ईश्वराकडून आले हे त्यांना मान्य होते. पण एकदा ते माणसांच्या भाषेत उतरले की त्याची समज ही माणसांची, इतिहासातली समज असते, असे ते म्हणत. 1992 मध्ये त्यांनी कैरो विद्यापीठात बढतीसाठी अर्ज केला, तर एका परीक्षकाने त्यांची श्रद्धाच संशयास्पद ठरवली. धर्मत्यागी माणसाचा मुसलमान स्त्रीशी विवाह टिकत नाही, या आधारावर काही वकिलांनी कोर्टात दावा लावला. 14 जून 1995 रोजी अपिलाच्या न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरवून इब्तिहाल यूनिस यांच्याशी झालेला विवाह रद्द केला. दोनच आठवडे आधी विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले होते. नवराबायको देश सोडून हॉलंडला, लायडनला गेली. असे दावे कोणाही नागरिकाने लावू नयेत म्हणून इजिप्तने 1996 च्या जानेवारीत कायदा बदलला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अबू झैद यांच्याविरुद्धचा निकाल कायम केला.